अस्वल चिखलात पडतं तेव्हा

हा खेळ शाळेत आणला तो बाईंनीच, आणि पुढे त्याच्या नावाने सगळ्यात जास्त बोटं मोडली तीही त्यांनीच.

बाई दुसरीच्या वर्गाला शिकवायच्या. त्यांचा धाकटा भाऊ मुलांचे ऑनलाइन खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत चित्रं काढायचा. घरात त्याला टिल्लू म्हणत. आता तो दारातून वाकून आत यायचा इतका उंच झाला होता, तरी टिल्लूच. एका सुट्टीच्या दिवशी तो बहिणीकडे टॅब घेऊन आला. चहा ओतायच्या आधीच त्याने तो तिच्या हातात दिला.

"ताई, बघ तर खरं. हे अस्वल मी काढलंय."

खेळ साधा होता. अस्वलाला नदी ओलांडायची असते. वर एक गणित येतं, समोर चार फळ्या, प्रत्येक फळीवर एक आकडा. बरोबर फळी दाबली की अस्वल एक पाऊल पुढे जातं आणि कोपऱ्यात एक तारा उगवतो. चुकीची दाबली की फळी मोडते, अस्वल फचाककन चिखलात पडतं, आणि डोक्यावर भोपळा घेऊन शिंकत वर येतं. बाईंनी मुद्दाम एक चूक केली, आणि भोपळा बघून त्या इतक्या हसल्या की चहा बशीत सांडला.

"गणिताला घाबरणारी पोरं आहेत माझ्या वर्गात. त्यांना हे आवडेल," त्या म्हणाल्या. दुसऱ्याच दिवशी त्या मुख्याध्यापिकांच्या म्हणजे मोठ्या बाईंच्या मागे लागल्या. मोठ्या बाई आधी नाही म्हणाल्या, मग बघू म्हणाल्या, मग कंपनीचा माणूस येऊन गोड बोलून गेल्यावर हो म्हणाल्या. मधल्या सुट्टीनंतरचा तास अस्वलाचा ठरला.

मुलं वेडी झाली. सुट्टीची घंटा वाजायच्या आत दारापाशी रांग. एरवी गणिताच्या तासाला ज्याच्या पोटात दुखायचं, तो रांगेत पहिला. बाई पुढच्या टेबलाशी बसून वह्या तपासायच्या. खेळ शिकवतोच आहे, आपण कशाला मध्ये लुडबुड करा? मागून फचाक, फचाक आणि हसू ऐकू येत राहायचं, आणि बाईंना बरं वाटायचं.

मग एके दिवशी मोठ्या बाईंनी त्यांना खोलीत बोलावलं आणि आपली स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. कंपनीकडून रिपोर्ट आला होता. प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक पट्टी. चांगल्याची हिरवी, वाईटाची लाल. दुसरीचा वर्ग जखमेसारखा लालभडक होता.

"खेळ तुम्ही आणलात. तिसरीच्या वर्गातही तोच खेळ आहे, त्यांचं एवढं वाईट नाही. तुमच्या वर्गाचंच काय चाललंय?" मोठ्या बाई म्हणाल्या.

बाईंची मान खाली गेली. सगळ्यात लाल पट्टी होती ती मुंगीची. एकही उत्तर बरोबर नाही. एकही.

मुंगी हे त्या मुलीला वर्गाने दिलेलं नाव. वर्गात सगळ्यात लहानखुरी, आणि सदैव काहीतरी उचलून कुठेतरी नेत असणारी. जिना चढताना पायऱ्या दोन-दोनने मोजायची, डब्यातली बिस्किटं चौघींत वाटून उरलेलं एक कसं तोडायचं यावर भांडायची. तिला बेरीज येत नाही? बाईंना ते पटलं नाही. पण त्यांनी स्वतःलाच समजावलं, की आपल्या आवडत्या पोरीबद्दल आपल्याला तसं वाटणारच. यंत्राला कोण आवडतं आणि कोण नावडतं? त्याने बघितलं तेच सांगितलं. आणि वर मोठ्या बाईंचं ते बोलणं कानात होतंच.

कच्च्या मुलांसाठी जादा वर्ग सुरू झाला. मोडक्या बाकांच्या खोलीत, चित्रकलेच्या तासाला. बाईंनी ज्या पाच-सहा मुलांना तिकडे पाठवलं त्यांत मुंगी होती. ती जाताना दाराशी थांबली आणि वळून बघत राहिली. बाई म्हणाल्या, "जा, बाळा. लवकर शिकलीस की परत येशील." मग ती गेली.

तिची आई दवाखान्यात नर्स होती. ड्यूटी संपवून तशीच, गणवेशावरच, शाळेत आली. "बाई, असं कसं? घरी तर ही मला हिशेबात हरवते."

"घरी पाठ केलेलं असेल. इथे दिसतंय ते वेगळं आहे. जरा सराव घ्या, लक्ष घाला," बाई म्हणाल्या.

आईने लक्ष घातलं. त्यानंतर मुंगी हळूहळू गप्प होत गेली. हात वर करेना. जिन्यावरून भिंतीला धरून, काही न मोजता चढू लागली. एकदा डोळे सुजवून आली, तेव्हा बाईंनी जवळ घेऊन विचारलं. ती म्हणाली, "आई म्हणाली, मी मुद्दाम करते. मग तिने मारलं." बाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि आईशी बोलायला हवं असं मनाशी ठरवलं. पण त्या आठवड्यात परीक्षेचे पेपर काढायचे होते, ते राहून गेलं.

अस्वलाचा तास मात्र रोज चालूच होता. त्या तासाला जादा वर्गातली मुलंही वर्गात असायची, आणि गंमत म्हणजे मुंगी त्या एका तासापुरती हसायची.

एका दुपारी वर्गात उकडत होतं. मागची खिडकी अडकून बसली होती. बाई वह्या सोडून ती उघडायला मागे गेल्या, आणि खिडकीशी झटापट करताना त्यांची नजर मुंगीच्या खांद्यावरून टॅबवर गेली. आठ अधिक सहा. मुंगीचं बोट सरळ चौदाच्या फळीवर गेलं. तिथे क्षणभर थांबलं. मग सरकून तेरावर आलं आणि तिने दाबलं. फचाक! अस्वल पडलं, डोक्यावर बूट घेऊन वर आलं. मुंगी आणि तिच्या शेजारची, समोरचे दोन दात पडलेली मैत्रीण, दोघी तोंडावर हात दाबून खिदळल्या.

पुढचं गणित आलं. पंधरा वजा सात. शेजारणीने कुजबुजून सांगितलं, "ए, आठ नको दाबू हं. आठ बरोबर आहे."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभर बोलणी खाल्ली, वर्गाची लाज गेली, आणि ही कार्टी मुद्दाम! त्यांनी पुढे वाकून मुंगीच्या हातातला टॅब ओढून घेतला.

"मुद्दाम चुकतेस? मुद्दाम?"

अख्खा वर्ग चिडीचूप झाला. आणि मुंगीने मार चुकवायला दोन्ही हात डोक्यावर घेतले.

बाई तशाच उभ्या राहिल्या. या वर्गात त्यांनी कुणावर कधी हात उगारला नव्हता. असे हात डोक्यावर घ्यायला ही पोर दुसरीकडे शिकली होती, आणि तिला तिथे कोणी पोचवलं हे बाईंना चांगलं ठाऊक होतं.

त्या खाली, मुलांच्या छोट्या खुर्चीवर बसल्या. आवाज कसाबसा आवरत म्हणाल्या, "मी मारणार नाही. मला फक्त सांगा. का?"

दात पडलेली मैत्रीण धीट होती. "बाई, बरोबर आलं की नुसता तारा येतो."

"मग?"

"तारा काहीच करत नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "पडल्यावर दर वेळी वेगळं असतं. भोपळा येतो, बूट येतो, बादली येते. एकदा तर मासा आला!"

आता वर्गाला कंठ फुटला. सगळेच सांगू लागले. आणि मग मैत्रिणीने खरं गुपित फोडलं. "सलग पाच वेळा चुकलं ना बाई, की अस्वल पादतं!"

वर्ग हास्याने फुटला. बाई हसल्या नाहीत. त्या मुंगीकडे बघत होत्या.

मुंगी टेबलाकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "पण मध्ये एक जरी बरोबर आलं तर पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून बरोबर कुठलं ते आधी काढायचं. मग ते सोडून दुसरं दाबायचं. मला येतं ते. बाकीच्यांचं मधेच बरोबर येतं."

शाळा सुटल्यावर बाई घरी गेल्याच नाहीत. तडक भावाच्या कंपनीत गेल्या. दाराशी पुठ्ठ्याचं माणसाएवढं अस्वल उभं होतं, हात पसरून स्वागत करणारं. ते फाडून टाकावंसं बाईंना वाटलं. आत रंगीत खुर्च्या, काचेच्या भिंती, कोपऱ्यात खेळायला झोपाळा. टिल्लू धावत आला.

"ताई, तू इथे? घरी सगळं ठीक आहे ना?"

"घरचं राहू दे. चुकल्यावर इतकी मजा आणि बरोबर आल्यावर एक मरतुकडा तारा, हे कोणाचं डोकं?"

टिल्लूचा चेहरा बघूनच त्यांना कळलं. त्याला नवीन काही ऐकल्यासारखं झालंच नव्हतं.

"तुला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"ताई, जरा हळू बोल ना."

"माहीत होतं की नाही?"

त्याने इकडे तिकडे बघितलं. "पहिल्यांदा चिखल नव्हताच. चुकलं की अस्वल नुसतं मागे जायचं. मुलं कंटाळून बंद करायची. चिखल घातला आणि मुलं दुप्पट वेळ खेळायला लागली. मग साहेब म्हणाले, अजून घाला. आम्हाला दिसत होतं, की काही मुलं मुद्दाम पाडतात. मी एकदा बोललोही होतो."

"एकदा! केवढे उपकार! आणि ते पादायचं? ते कोणाला सुचलं?"

टिल्लू बुटांकडे बघत राहिला. "मला."

बाईंचा आवाज चढला तसे काचेपलीकडचे लोक माना वर करून बघायला लागले. "तुझ्या त्या अस्वलापायी एका पोरीने मार खाल्लाय. सात वर्षांची पोर! तिचा चित्रकलेचा तास गेला, तिची मोडक्या बाकांवर रवानगी झाली, आणि तू इथे झोपाळ्यावर बसून भोपळे काढतोयस!"

आवाज ऐकून साहेब बाहेर आले. तरुण, हसतमुख, कुणालाही समजून घेणारा माणूस. सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "बाई, तुमचा राग मी समजू शकतो. पण एक सांगा, मुलं हसतात ना? गणिताच्या तासाला पळत येतात ना? भीती गेली हे काय थोडं झालं?"

"मग रिपोर्ट कशाला पाठवता? लाल पट्ट्या कशाला? चुकायची फूस तुम्हीच लावायची आणि चुकलं म्हणून चुगली पण तुम्हीच करायची?"

"रिपोर्टवर स्पष्ट लिहिलेलं असतं की हा फक्त अंदाज आहे," साहेब तितक्याच मऊ आवाजात म्हणाले. "मुलीला जादा वर्गात आम्ही नाही पाठवलं. तो निर्णय तिच्या शिक्षिकेचा होता."

बाईंना या माणसाच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती, आणि तो बोलला ते शेवटचं वाक्य खोटंही नव्हतं. म्हणून तर राग आणखी भडकला. त्या वळल्या आणि बाहेर पडल्या. टिल्लू मागून हाका मारत आला, त्याला त्या म्हणाल्या, "माझ्या घराची पायरी चढू नकोस. निदान इतक्यात तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मोठ्या बाईंसमोर उभ्या राहिल्या. मुंगी मुद्दाम चुकत होती हे मोठ्या बाईंना पटेना. "अहो, शून्य म्हणजे शून्य. त्यात हुशारी कसली आली?"

"ठीक आहे," बाई म्हणाल्या आणि टॅब त्यांच्यापुढे ठेवला. "गणिताकडे न बघता कुठलीही फळी दाबा. सलग पाच चुका करून दाखवा."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून ठेवला आणि बोट फिरवलं. पडलं. पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा तारा उगवला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. या वेळी चौथ्यांदा तारा. आता त्या इरेला पेटल्या. कितीदा तरी करून बघितलं, दर वेळी कुठून तरी तो मेला तारा मध्ये तडमडायचाच. शेवटी चष्मा लावून, प्रत्येक गणित सोडवून, बरोबर फळी टाळत टाळत त्या पाचाला पोचल्या. अस्वल पादलं. मोठ्या बाईंना हसू फुटलं, आणि अर्ध्यावरच विरलं.

"चारातली एक फळी बरोबर असते," बाई म्हणाल्या. "ज्याला काहीच येत नाही, त्याची अधूनमधून लागतेच. या मुलीची इतक्या दिवसांत एकदाही लागली नाही. पट्टी बघून आपल्याला दोघींना हे कळायला हवं होतं. आपण गणित शिकवतो!"

जादा वर्ग त्या दिवशी बंद झाला. खेळ मात्र मोठ्या बाईंनी बंद केला नाही. वर्षभराचं ठरलंय, लगेच कसं मोडणार, म्हणाल्या. फक्त रिपोर्टवरून कुठल्याही मुलाचं काही ठरवायचं नाही, एवढं त्यांनी कबूल केलं. बाईंना ते पुरेसं वाटलं नाही. त्या तसं म्हणाल्याही, आणि दार जरा जोरातच लावून बाहेर आल्या.

संध्याकाळी मुंगीची आई आली. बाईंनीच बोलावलं होतं. रिकाम्या वर्गात तिघी बसल्या. मुंगी आईला चिकटून. बाईंनी काही न लपवता सगळं सांगितलं. सगळं ऐकून झाल्यावर आईचे ओठ पांढरे पडले होते.

"मी हिला मारलं, बाई," ती म्हणाली. "जन्मात कधी हात लावला नव्हता. दिवसभर दुसऱ्यांच्या जखमा बांधायच्या, आणि घरी येऊन हिला मारलं. ही म्हणत होती, आई, मला येतं. मला वाटलं, वर खोटं बोलते. तुम्ही सांगितलं होतंत ना! तुमच्यावर विश्वास ठेवायचा, की सात वर्षांच्या पोरीवर?"

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या.

"तुमची आहेच. पण हात माझा होता. आता त्याचं मी काय करू?"

बाई मुंगीकडे वळल्या. "मुंगे, माझं चुकलं. तुला येत होतं, आणि मी तुला नाही येत म्हणाले. उद्या मी हे वर्गासमोरही सांगणार आहे."

मुंगीने त्यांच्याकडे बघितलं. रडली नाही. तिचं नाक फुगलं होतं, भुवया जवळ आल्या होत्या. ती रागावली होती, आणि तो राग दाखवायला आता घाबरत नव्हती.

"तुम्ही मला विचारलंच नाही," ती म्हणाली. "काल विचारलंत, तेव्हा मी लगेच सांगितलं. आधी का नाही विचारलं?"

आईने तिला गप्प करायला हात पुढे केला, पण बाई म्हणाल्या, "बोलू द्या. बरोबर बोलतेय."

मुंगी बोलायला लागली ती थांबेचना. चित्रकलेचा तास गेला, त्यात सगळ्यांनी मातीचे प्राणी केले, तिला करायला मिळाले नाहीत. जादा वर्गात एक अधिक एक करायला लावलं. बाकीची पोरं "कच्ची, कच्ची" म्हणाली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही "पण" म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गासमोर चूक कबूल केली. मुलांना त्यात फारसं विशेष वाटलं नाही. त्यांना फक्त खेळ बंद होणार का याची काळजी होती. मुंगी लगेच पूर्वीसारखी झाली असंही नाही. ती हात वर करायला लागली, पण उत्तर देताना आधी बाईंचा चेहरा बघायची. ते बघणं बाईंच्या जिव्हारी लागायचं.

टिल्लूने बरेच दिवस तोंड दाखवलं नाही. मग एकदा शाळेच्याच फाटकाशी उभा दिसला, दाढी वाढलेली.

"ताई, उलटं केलंय. आता बरोबर आलं की अस्वल स्वतःहून चिखलात उडी मारतं. बूट, मासा, सगळं बरोबरवर. चुकलं की नुसतं काठावर परत येतं आणि विचार करत बसतं. साहेबांशी भांडभांड भांडलो."

"आणि साहेब?"

"तुमच्या शाळेपुरतं करा म्हणाले. प्रयोग म्हणून."

"आणि बाकीच्या शाळा?"

"तिथे नाही," टिल्लू म्हणाला.

"बाकीच्या शाळांतली पोरं काय वाऱ्यावर सोडायची?" बाईंचा आवाज पुन्हा चढला. फाटकातून बाहेर पडणारे पालक वळून बघू लागले. "तिथे आत्ता, या घटकेला, कोणी ना कोणी मोडक्या बाकावर बसलेलं असेल. आणि तू मला एक शाळा घेऊन खूश करायला आलास?"

"मी काय करू, ताई? नोकरी आहे माझी."

"नोकरी सोड म्हणत नाही. माझ्याबरोबर चल. जिथे जिथे हा खेळ आहे तिथल्या शिक्षकांना तू स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मी सांगितलं तर म्हणतील, चिडखोर बाई आहे."

"साहेबांना कळलं तर?"

"कळू दे."

तो आधी नाही म्हणाला. दोन दिवसांनी फोन करून, कधी जायचं, असं विचारलं. बाईंनी त्याचं कौतुक केलं नाही. वेळ सांगितली आणि फोन ठेवला.

पहिली शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. शिक्षकांच्या खोलीत सात-आठ जणी डबे उघडून बसल्या होत्या. पाहुणे काहीतरी विकायला आले असणार, अशा नजरेने त्यांनी वर बघितलं. टिल्लूच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्याने बहिणीकडे बघितलं.

"सांग," बाई म्हणाल्या.

त्याने घसा साफ केला. "ते अस्वल मी काढलंय. आणि त्याबद्दल आम्ही तुम्हाला एक गोष्ट सांगितलेली नाही."

तो सांगू लागला. अडखळत, घाम पुसत. पण चिखलापासून पाच चुकांपर्यंत सगळं. बाई भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभ्या होत्या आणि तो कुठे काही गाळतोय का हे ऐकत होत्या. त्याचं बोलणं अर्ध्यावर आलं असेल, तेव्हा खिडकीजवळ बसलेल्या एका शिक्षिकेने हातातला घास डब्यात परत ठेवला. तिने डबा बंद केला नाही, कुणाला काही सांगितलं नाही. ती उठली आणि भराभर चालत खोलीबाहेर गेली. तिच्या चपलांचा आवाज व्हरांड्यातून दूर जात राहिला; मग एका वर्गाचं दार उघडल्याचं ऐकू आलं, आणि तिने कुणाला तरी नावाने मारलेली हाक.